दुभंगलेला ओठ: ग्रहण, फवारणी, नात्यातले लग्न की रक्तातूनच आलेले? जाणकारांनी मार्गदर्शन करावे

कृष्णाकाठ

नमस्कार. पलूस तालुक्यातील आमच्या घरी जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आहे आणि तोंडातील टाळूही दुभंगलेली आहे. बाकी बाळ सुदृढ आहे आणि शस्त्रक्रियेने हे व्यवस्थित होते, असे डॉक्टरांनी सांगितलेले आहे, त्यामुळे धागा उपचारांसाठी काढलेला नाही. बारशापासून घरात आणि भावकीत कारणांचा जो काथ्याकूट चालू आहे, त्यातले खरे किती हे समजून घ्यायचे आहे.

आईचे म्हणणे असे की, सहाव्या महिन्यात ग्रहण होते आणि भावजयीने ते न पाळता विळीवर भाजी चिरली. भावाला वेगळाच घोर लागला आहे. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे कोंब, फुटण्यासाठी काड्यांना जी पेस्ट लावतात, ते काम भावजयीने इतर बायकांबरोबर आठवडाभर केले होते आणि तेव्हा दिवस गेल्याचे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. शेजारच्या गुरुजींच्या मते दोष नात्यातल्या लग्नाचा आहे, कारण भावजय म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आणि चौथी गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांना आठवते: वडिलांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा ओठही असाच होता आणि तो लग्नाआधी मिरजेत शिवून घेतला होता.

यांपैकी कशाचा किती वाटा धरायचा, आणि पुढच्या बाळाला हा धोका किती, असे माझे दोन प्रश्न आहेत. पहिल्या तिन्ही कारणांचे बोट भावजयीकडेच जाते आणि चौथ्याचा विषय निघाला की सगळे गप्प बसतात, हेही नमूद करून ठेवते.

मिरजकर

कृष्णाकाठ ताई, वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

ग्रहणाचा निकाल दोन ओळींत लागतो. गर्भाचा चेहरा निरनिराळ्या उंचवट्यांपासून बनतो. हे उंचवटे चौथ्या आठवड्यापासून एकमेकांकडे सरकतात आणि वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो, तर टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. सहाव्या महिन्यात विळीवर काहीही चिरले तरी जो ओठ चार महिन्यांपूर्वी जुळायचा राहून गेला, त्यावर त्याचा परिणाम होणे शक्य नाही. मातोश्रींना एवढे एक वेळापत्रक दाखवले तरी पुरे.

उरलेल्या तीन कारणांबाबत मात्र ‘हे की ते’ असा प्रश्नच नीट बसत नाही, आणि तसे का म्हणतो ते सांगतो. १९३३ साली टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला अ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवले, तेव्हा तिला झालेल्या अकराच्या अकरा पिलांना डोळ्यांची बुबुळेच काय, नेत्रगोलच नव्हते. तोवर अशी व्यंगे म्हणजे आनुवंशिक खोट, असे धरून चालत. हेल यांनी पुढे त्याच घराण्यातील जनावरांना जीवनसत्त्व दिले आणि पिले डोळस निपजली. व्यंग केवळ आहारातील उणिवेमुळे होऊ शकते, हे त्यातून दिसले. मग पारडे दुसऱ्या बाजूला इतके झुकले की सारे काही बाहेरूनच येते, असे लोक म्हणू लागले. १९५० च्या सुमारास कॅनडात क्लार्क फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना कॉर्टिसोन हे संप्रेरक टोचले. एका वाणाच्या जवळपास सगळ्या पिलांची टाळू दुभंगली, तर दुसऱ्या वाणात, त्याच मात्रेला आणि त्याच दिवशी, पाचांतील एखाद्याच पिलाची. औषध तेच आणि दिवसही तोच, बदलले होते ते घराणे. औषधाने टाळू दुभंगली असे म्हणावे तर दुसऱ्या वाणातली बहुतेक पिले चांगली कशी, आणि वाणामुळे म्हणावे तर कॉर्टिसोन न टोचलेल्या त्याच वाणात इतकी का नाहीत?

माणसातील उदाहरण थॅलिडोमाइडचे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध बाजारात आले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतले गेले, तोवर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची गंभीर व्यंगे घेऊन जन्मली होती. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या पट्ट्यात आईने ते घेतले असेल तरच हे घडे, आणि त्या पट्ट्यात घेऊनही काही मुले चांगली निपजली. उंदरांमध्ये मात्र असे व्यंग सहसा होत नाही. हे औषध पेशीतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते, असे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, आणि उंदरांतील सेरेब्लॉनची घडण माणसाहून किंचित वेगळी आहे. इतक्या उघड विषाच्या बाबतीतही जनुकांची घडण बाजूला ठेवून चालत नाही.

दुभंगलेला ओठ, वाकडी पाउले, हृदयातील बरीचशी छिद्रे ही व्यंगे बहुधा अनेक लहान लहान कारणे साठत जाऊन एका मर्यादेपलीकडे गेली की घडतात, असे मानले जाते. कोयना धरण काठोकाठ भरल्यावर पाणी सांडव्यावरून वाहू लागते, तेव्हा ते नेमके कोणत्या ओढ्याने वाहवले असे विचारण्यात अर्थ नसतो. काही घराण्यांत जनुकांमुळे पाण्याची पातळी आधीच वर असते, एवढाच फरक.

आता एक साधे निरीक्षण करून सांगाल का? तुमच्या भावाच्या, वडिलांच्या किंवा इतर जवळच्या नातेवाइकांच्या खालच्या ओठावर, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना किंवा एकाच अंगाला, टाचणीच्या डोक्याएवढा खळगा आहे का? कारण नंतर सांगतो.

तासगावचा बागायतदार

मिरजकर सर, प्रतिसाद आवडला. मी फक्त बागेपुरते लिहितो.

ती पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत, शेंड्याचे डोळे सोडून किंवा गरजेप्रमाणे, फडक्याने किंवा स्पंजाने ती काडीला लावतात. हे काम जवळजवळ सर्वत्र बायकाच करतात, आणि हातमोजे दिले तरी घामाने हात भिजतात म्हणून दुपारनंतर ते काढून ठेवले जातात, हे मी माझ्याच बागेत पाहतो. हे रसायन अंगावर गेले तर कातडी सोलून निघते, आणि ते काम केलेल्या दिवशी दारू प्यायलेल्या माणसाची काय अवस्था होते, ते आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. युरोपीय संघात त्याला मान्यता नाही. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, जे आपण द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी वर्षानुवर्षे मारत आलो, त्याची मान्यताही तिथे २०२० मध्ये नाकारण्यात आली आणि त्या निर्णयामागे प्रजननावरील परिणाम हे एक कारण होते. कार्बेन्डाझिम हे दुसरे बुरशीनाशक प्राण्यांच्या गर्भाला घातक ठरलेले आहे.

आमच्या भागातली विसंगती अशी की २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या लिहोसीनचे, अवशेष सापडल्यामुळे निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचे हे प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ आहे. फवारणीनंतर किती तासांनी बाईमाणसाने बागेत शिरावे, हा आकडा बाटलीला चिकटवलेल्या पत्रकावर बारीक अक्षरात असतो आणि तो मी कोणाला विचारताना ऐकलेले नाही. खाणाऱ्याच्या घडाची प्रयोगशाळेत तपासणी होते, पण तो घड जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, बुडवणाऱ्या बाईची चौकशी कुठेच होत नाही.

पण याचा अर्थ ताईंच्या भाच्याचा ओठ पेस्टमुळे दुभंगला असा मी काढणार नाही. त्याच आठवड्यात त्याच बागेत आणखी बायका होत्याच.

शंकासूर

क्षमस्व, पण बागायतदारांनी सगळे सांगून शेवटी माघार घेतली असे वाटते. आमच्या आजीच्या काळी गावात अशी मुले नव्हती आणि औषधेही नव्हती. आता दोन्ही आहेत. यात आणखी काय सिद्ध करायचे राहिले?

मिरजकर

शंकासूर, आजीच्या काळी अशी मुले होत होती. टाळू दुभंगलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही, त्यामुळे ती बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दगावत आणि कोणाच्या मोजदादीत येत नसत. ‘नव्हती’ आणि ‘दिसली नाहीत’ यांत अंतर आहे.

सिद्ध करायचे किती राहिले आहे, याची कल्पना देणारा अभ्यास अमेरिकेतील युटा राज्यात झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ ते २००९ या काळातील २ लाख ७० हजारांहून अधिक जन्मांमध्ये ५,५०४ बाळांना मोठे जन्मजात व्यंग आढळले, आणि प्रत्येकाचे कागदपत्र तपासूनही निश्चित कारण सापडले ते सुमारे पाचातील एकाच बाळात. सापडलेल्या कारणांपैकी ९४ टक्के गुणसूत्रांशी किंवा जनुकांशी निगडित होती. बाहेरून झालेल्या परिणामांचा वाटा सुमारे ४ टक्के होता आणि त्यांतही बहुतांश म्हणजे आईला गर्भधारणेआधीपासून असलेला आणि आटोक्यात नसलेला मधुमेह. पण या आकड्यांवरून ‘बाहेरचे काही नसतेच’ असेही म्हणू नये. गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते, तर सहा आठवड्यांच्या गर्भापर्यंत कोणते रसायन किती पोहोचले हे बाळ जन्मल्यावर मोजण्याची सोय नसते. जे मोजता येते तेच कारणांच्या यादीत वर दिसते. उरलेल्या चार बाळांमध्ये जनुके, आहार, ताप, औषधे आणि निव्वळ योगायोग यांची कशी सरमिसळ झाली आहे, ते उकलण्याचे काम अजून चालू आहे.

कीटकनाशकांवरचे माणसांतील बरेचसे अभ्यास ‘तुम्ही तेव्हा काय फवारत होता’ या आठवणीवर उभे असतात, आणि व्यंग असलेल्या बाळाची आई अधिक बारकाईने आठवते. म्हणून बागायतदारांची सावधगिरी मला माघार वाटत नाही. बाईने पेस्टला हात लावू नये, एवढे ठरवायला मात्र उपलब्ध पुरावा पुरेसा आहे.

माणदेशी

मी दहिवडी भागात आरोग्यसेविका आहे. वरच्या चर्चेत दोन गोष्टी सुटल्या आहेत, त्या माझ्या रोजच्या कामातल्या आहेत म्हणून लिहिते.

पहिली फोलिक आम्लाची. मेंदू आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आमच्याकडे नोंदणीला बाई येते ती दुसरा-तिसरा महिना लागल्यावर. तिथून पुढे दिलेली गोळी तिच्या रक्तवाढीला उपयोगी पडते, पण कण्याच्या त्या नळीला नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असे बाळ झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून ४ मिलिग्रॅम फोलिक आम्ल दिले, तेव्हा तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मिरजकर सरांच्या मुद्द्याला हेही जोडता येईल की एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात दोन्हीकडून आलेला असतो, त्यांना फोलिक आम्लाची कमतरता अधिक बाधते. जनुक बदलता येत नाही, पण गोळी वेळेवर देता येते. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींनाच आम्ही रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला सांगतो, आणि त्यावर ‘अजून हळद लागली नाही तर गोळ्या कसल्या’ हे ऐकून घेतो.

दुसरी गोष्ट मशेरीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून सकाळी दातांना लावायची आणि तासभर तोंडात ठेवायची, हे आमच्या भागात गरोदर बायकाही करतात आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘पोट साफ होते’ हे ठरलेले उत्तर असते.

मिरजकर

माणदेशी ताई, मशेरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अटलांटा येथे वाकड्या पाउलांवर झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. आई धूम्रपान करीत असेल, पण घराण्यात कोणाला वाकडी पाउले नसतील, तर बाळाला धोका सुमारे १.३ पट दिसला. घराण्यात आहे, पण आई धूम्रपान करीत नाही, तेव्हा साडेसहा पट. आणि दोन्ही एकत्र आले तेव्हा सुमारे २० पट! दोन आकड्यांचा नुसता गुणाकार केला तरी तो नऊच्या आत येतो, म्हणजे दोन्ही कारणे मिळून काही वेगळेच करतात. हा अभ्यास धूम्रपानाचा आहे, मशेरीचा नाही, त्यामुळे तेच आकडे मशेरीला लावू नयेत. पण ज्या घरात आधी व्यंग होऊन गेले आहे, तिथे तंबाखू बंद करण्याचा फायदा इतर घरांपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो.

शंकासूर

ठीक, फवारणीचे तूर्त बाजूला ठेवतो. नात्यातल्या लग्नाबद्दल कोणीच बोलत नाही, कारण आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीतच आहे. गुरुजींचे म्हणणे चुकीचे आहे का?

मिरजकर

सर्वसाधारणपणे पाहता चुकीचे नाही. कोणत्याही जोडप्याच्या बाळाला मोठे व्यंग असण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन धरतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट, म्हणजे शंभरात पाच-सहा होते. याचे कारण असे की काही सदोष जनुके एकेरी असताना गप्प असतात आणि आईबापांकडून दुहेरी आली तरच व्यंग किंवा आजार देतात. आजोबा-आजी एकच असले तर तीच खोट दोन्हीकडून उतरण्याची शक्यता वाढते. उरलेली चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळे चांगली असतात हेही खरे, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत गेल्यास धोक्याची पातळी वाढत जाते हेही खरे.

पण ताईंच्या घरी गुरुजींचा नेम चुकला आहे. भाऊ आणि भावजय यांचे नाते जुळते ते ताईंच्या आईकडून. दुभंगलेला ओठ होता तो आत्याबाईंचा, म्हणजे वडिलांकडच्या घराण्यात. आत्याबाईंची जी काही जनुकीय ठेव बाळापर्यंत आली असेल ती भावाकडून आली, आणि त्यासाठी भावजय मामाची मुलगी असण्याची काहीच गरज नव्हती. परक्या गावची सून आणली असती तरी ती आलीच असती.

कृष्णाकाठ

मिरजकर काका, सर्वांचे प्रतिसाद घरात वाचून दाखवले. वेळापत्रक ऐकून आई गप्प राहिली, पण पटले असे म्हणाली नाही.

तुम्ही विचारलेला खळगा सापडला. भावाच्या खालच्या ओठावर, मध्यापासून किंचित उजवीकडे, एक बारीक छिद्र आहे. लहानपणी दात लागून झालेली खूण म्हणून आम्ही त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. त्यातून अधूनमधून ओलसर येते, असे तो आता सांगतो. वडिलांना मिशी असली तरी खालचा ओठ उघडाच आहे, आणि त्यांच्या ओठावर दोन्ही बाजूंना तसेच फिकट खळगे आहेत. आत्याबाई हयात नाहीत, आणि लग्नाच्या फोटोत एवढे बारीक दिसत नाही.

मिरजकर

ताई, मंचावरच्या वर्णनावरून निदान करता येत नाही, तेव्हा हे केवळ दिशा म्हणून घ्यावे. खालच्या ओठावरचे खळगे आणि त्याच घराण्यात दुभंगलेला ओठ किंवा टाळू, या जोडीला व्हॅन डर वूड सिंड्रोम म्हणतात. त्यामागे बहुतेक कुटुंबांत आयआरएफ६ नावाच्या एका जनुकातील बदल असतो, हे २००२ मध्ये समजले. हा बदल एकाच पालकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यावरच अवलंबून आहे. एरवी आईबाप चांगले असून एका बाळाचा ओठ दुभंगलेला असेल, तर पुढच्या बाळाला धोका शंभरात तीन ते पाच सांगतात. इथे निदान पक्के झाले तर जनुक उतरण्याची शक्यता शंभरात पन्नास होईल. पण जनुक उतरले म्हणजे ओठ दुभंगलाच असे नाही. तुमच्याच घरात पाहा: वडिलांना दोन खळगे, भावाला एक, आत्याबाईंना दुभंगलेला ओठ आणि बाळाला ओठासह टाळूही. जनुकातला बदल तोच असेल, तर प्रत्येकात तो इतका निराळा का दिसला? इतर जनुके, त्या सात-आठ आठवड्यांतले आईच्या शरीरातले वातावरण, आणि पेशी सरकण्यातला योगायोग, या तिघांत ते उत्तर वाटले गेले आहे. पेस्टचा त्यात अंश होता का, हे कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही, म्हणून भावाने त्याचा घोर सोडून द्यावा आणि पुढच्या वेळी भावजयीला त्या कामापासून दूर ठेवावे.

जनुकीय समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांचा वंशवृक्ष लिहून न्या. त्यात कोणाला काय होते, कोणाचे बाळ लहानपणी गेले, कोणाचा ओठ शिवला होता, हे सगळे न लपवता यावे. पुढच्या गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ बहुधा दिसतो. एकट्या टाळूचे व्यंग मात्र पुष्कळदा निसटते.

कृष्णाकाठ

काका, वंशवृक्ष लिहायला वडील स्वतःच बसले आहेत. त्यांच्या एका चुलत भावाच्या मुलीचेही नाव त्यांनी त्यात घातले, जे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. जनुकाची चाचणी आधी कोणाची करायची, भावाची की बाळाची?

मिरजकर

आधी बाळाची. ज्याच्यात व्यंग स्पष्ट आहे त्याच्यात बदल सापडला, की मग तोच बदल भावामध्ये आणि वडिलांमध्ये शोधणे सोपे आणि स्वस्त पडते.

माणदेशी

ताई, तोवर बाळाला पाठीला आधार देऊन, उभे धरून, वाटी-चमच्याने थोडे थोडे दूध पाजा आणि मध्येमध्ये ढेकर काढा. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी साधारणतः बाळ दहा आठवड्यांचे झालेले असावे, वजन साडेचार किलोच्या आसपास असावे आणि हिमोग्लोबिन दहा असावे, असे पाहतात. टाळूचे काम नंतर, दीड वर्षाच्या आत करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तुमच्या अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे नाव नोंदवा, आणि पथक यायला वेळ असेल तर थेट जिल्हा रुग्णालयातील याच कार्यक्रमाच्या केंद्रात जा. जनुकीय चाचणीचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या वेळीच घ्यायला सांगा, म्हणजे बाळाला दोनदा सुई टोचावी लागणार नाही.